आत्यानं पाहिलेली विमानाची शाळा

लोक विचारतात, विमान चालवायचं वेड तुम्हाला लागलं कसं? विचारणाऱ्याला माझ्या तोंडून काहीतरी आभाळाबिभाळाचं ऐकायचं असतं. खरं सांगू का, वेड कधी लागलं ते मला धड आठवत नाही. त्यानंतरचा कंटाळा मात्र नीट आठवतो. बारावी झाली, डोळे, कान, छाती, सगळं डॉक्टरांनी तपासून शिक्का मारून दिलं, आणि मग शाळा कोणती निवडायची यावर आमच्या नांदेडच्या घरात जे दळण सुरू झालं ते काही केल्या संपेना. सकाळी चहाबरोबर शाळा, दुपारी भाकरीबरोबर शाळा. आईनं एकदा वैतागून परातीत पीठ आपटलं आणि म्हणाली, "एवढ्या येळात तर मी तुला चार येळा उजवली असती."

अण्णांची मोंढ्याच्या बाजारात हळदीची आडत होती. हळद ही फक्त दुकानात राहणारी वस्तू नव्हे. ती अण्णांच्या कानाच्या पाळीवर, उशीच्या अभ्र्यावर, दाराच्या कडीवर, सगळीकडे बसलेली असायची. माझा शाळेचा शर्ट कधी पांढरा म्हणून कुणी ओळखला नाही. संध्याकाळी अण्णा आले की आई त्यांना अंगणातच हात-पाय धुवायला लावायची आणि मोरीतून पिवळं पाणी वाहत गल्लीत जायचं. शेजारच्या रशीदचाचांचं शिवणकामाचं दुकान, तिथली मशीन दिवसभर खडखडायची. विमानतळ काही लांब नव्हता, पण विमान कधी यायचं आणि कधी महिनोन्महिने यायचंच नाही. आलं की रशीदचाचा मशीन थांबवून मला हाक मारायचे, "वैशाली बेटा, तुझी गाडी आली गं!"

शाळा निवडणं म्हणजे काय भानगड असते ते सांगते. व्यावसायिक पायलटचं लायसन्स पाहिजे तर ठरलेले तास हवेत काढावेच लागतात. ते तास शाळेनं द्यायचे असतात. शाळेकडे विमानं किती आहेत याला काही अर्थ नसतो. त्यातली उडतात किती, शिकवणारे किती आणि ते टिकतात किती, हे बघायचं असतं. शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंग. ढगात शिरलं की बाहेर सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. डोळ्यांना काही दिसत नाही आणि शरीर तर चक्क खोटं बोलतं. विमान वळत असतं आणि आपल्याला वाटतं आपण नाकासमोर चाललोय. अशा वेळी मनाला गप्प बसवून समोरच्या घड्याळवजा यंत्रांवर भरवसा ठेवायचा, हे त्यात शिकवतात. आज मी हे दोन वाक्यांत सांगते, पण तेव्हा आमच्या घरात यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. फोन यायचे, "मॅडम, दोनच जागा राहिल्यात." सगळ्याच शाळांच्या दोनच जागा राहिलेल्या असायच्या.

अण्णांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती. हात पुसत पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बघ बाई, माझ्यानं एकदाच होईल. एक शाळा, एक बारी. जमलं तर जमलं. न्हाई तर गुमान फार्मसीला जायचं आन् मी स्थळं बघायला मोकळा." ते रागानं बोलले नव्हते. दमलेल्या माणसाचं बोलणं होतं, आणि दमलेल्या माणसाशी हुज्जत घालता येत नाही. शाळा चुकली की माझं विमान संपलं, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

आता आत्याबद्दल सांगायला पाहिजे. सरूआत्या, अण्णांची थोरली बहीण. मुखेडकडच्या एका खेड्यात तिला दिली होती. काही वर्षांनी ती पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीनं परत आली आणि आमच्याच घरी राहिली. का आली, हे आमच्यात कुणी बोलायचं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गंमत म्हणा नाहीतर काही म्हणा, पण भावकीतली एकही सोयरीक आत्याशिवाय ठरायची नाही. मुलीचं स्थळ बघायला गेलं की पुरुष मंडळी बैठकीत बसून जमीन, नोकरी, ऊस-पाणी बोलायची. आत्या तिथं क्षणभर टेकायची, पाणी प्यायची आणि उठून थेट स्वयंपाकघरातून मागच्या दारी जायची. तिथं त्या घरची थोरली सून भांडी घासत असायची नाहीतर कपडे धूत असायची. आत्या तिच्याजवळ उकिडवी बसायची आणि एकच विचारायची, "माय, तुझ्या धाकट्या भणीला ह्या घरात देशील का?" धाकटी बहीण असो नसो. त्या सुनेनं काय उत्तर दिलं, त्यावर आत्याचं हो किंवा नाही ठरायचं. बैठकीतल्या ऊस-पाण्याला ती काडीची किंमत द्यायची नाही.

लातूरचे दिगंबरमामा या सगळ्यात नसते तर बरं झालं असतं, पण ते सगळ्यातच असायचे. मामांची लातूरला खाणावळ होती. बाहेरगावाहून ट्यूशनला आलेली पोरं तिथं जेवायची आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं मीही तिथंच होते. पहाटेपासून मामी आणि दोन बाया भाकऱ्या थापत असायच्या, त्या थपथपीतच मी भौतिकशास्त्र पाठ केलं. समोर बसलेल्या प्रत्येक पोराला डॉक्टर व्हायचं होतं. मी पायलट व्हायचं म्हणाले तेव्हा एकानं मुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता मान वर केली आणि विचारलं, "त्याची ट्यूशन कुठं हाय?" मामांना मात्र ही गोष्ट भलतीच आवडली. खाणावळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत विचारत त्यांनी एक शाळा हुडकून काढली. शेजारच्या राज्यात होती. तिचं नाव मी लिहीत नाही, आता ती बंद पडली आहे. तिथले संचालक मूळचे देगलूरकडचे निघाले, आणि एवढ्यावर मामांच्या लेखी निम्मं काम झालं होतं.

बघायला आम्ही चौघं गेलो. अण्णा, मामा, मी आणि आत्या. "आत्या कशाला?" असं मामांनी विचारलं तर ती म्हणाली, "पोरगी द्यायची म्हनल्यावर मी येनारच." सगळे हसले. आईनं धपाट्यांचा गठ्ठा, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बांधून दिला. सकाळी आगगाडीतून उतरून शाळेत पोचलो तर फाटकावरच्या माणसानं सलाम ठोकला. कुंड्या, गारेगार ऑफिस, बदाम घातलेला शिरा, काचेच्या कपात चहा. संचालकांनी अण्णांना वाकून नमस्कार केला. मामांनी आणि त्यांनी चहा संपायच्या आत नातं शोधून काढलं, कुणाच्या तरी मावससासऱ्याच्या बाजूचं. मग आम्हाला विमानं दाखवली. पांढरीशुभ्र, धुऊन पुसून ओळीत उभी. मला एकात बसवलं. मी हँडलला हात लावला आणि संपलंच सगळं. आमच्या घरातली ती पिवळी धूळ आणि इथलं हे पांढरं! मला तिथून उठावंसंच वाटेना.

"ठरलं मग साहेब," मामा बाहेर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "आजपास्नं पोरगी तुमची!"

सोयरीक जमली की आमच्यात हेच म्हणतात. संचालकांनी पेढे मागवले, अण्णांनी एक खाल्ला, मला एक भरवला. शब्द गेला. आमच्या घराण्यात गेलेला शब्द माघारी आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही तिथं होतो आणि तेवढ्या वेळात एकही विमान उडालं नाही. मी भीत भीत विचारलं तर संचालक म्हणाले, "आज वारा फार आहे, बेटा." धावपट्टीशेजारी खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते, ती खांबाला चिकटून खाली लोंबत होती. मी ती पाहिली होती, चांगली डोळ्यांनी पाहिली होती. पण पेढ्याची चव तोंडात असताना कुणाला काय दिसतं!

तेवढ्यात आत्या दिसेनाशी झाली. मी शोधत मागे गेले. मुलींच्या वसतिगृहामागं नळ होता आणि तिथं एक मुलगी आपला गणवेशाचा पांढरा सदरा घासत बसली होती. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असेल. आत्या तिच्याजवळ उकिडवी बसलेली. ऑफिसातला एक माणूस आमच्या मागोमाग येऊन भिंतीला टेकून उभा राहिला होता. "माय," आत्या म्हणाली, "तुझ्या धाकट्या भणीला ह्या शाळेत देशील का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मुलीनं आत्याकडे पाहिलं, मग भिंतीजवळच्या माणसाकडे पाहिलं आणि सदऱ्याची कॉलर पुन्हा घासायला लागली. आधीच स्वच्छ होती ती कॉलर. आत्या थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी ती मुलगी म्हणाली, "इकडून चिखल आहे मावशी, जपून जा."

परतीच्या गाडीत मामा एकटेच बोलत होते. आत्यानं धपाट्याला हातसुद्धा लावला नाही. मी खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात उडत होते.

त्यानंतर चारच दिवसांनी येळवस आली. लातूरकडे वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात असतं, शहरात चहाचा कप मिळत नाही. मामांच्या शेतात कडब्याची कोप बांधली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. मामीनं केलेली शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, मडक्यात थंडगार आंबील. पंगत बसली तशी मामांनी सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की भाचीचं पक्कं झालं, पुढच्या महिन्यात पोरगी जाणार.

"न्हाई," आत्या म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. उंडा भज्जीत कुस्करत होती.

"न्हाई म्हंजे काय, आक्का?"

"न्हाई म्हंजे न्हाई. पोरगी तिथं द्यायची न्हाई."

"आवो, ही काय सोयरीक हाय का? शाळा हाय ती!"

"मग 'पोरगी तुमची' कशाला म्हनलास?"

पाहुण्यांत खसखस पिकली. मामांचा चेहरा लाल झाला. "मी शब्द देऊन बसलोय. दाजींनी पेढा खाल्लाय. खामखा माझी इज्जत घालवून राहिलात तुम्ही. कारण तरी सांगा!"

"मी त्या पोरीला इचारलं. ती बोलली न्हाई."

"एवढंच?" मामा हसले. "आवो, लाजली आसंल!"

अण्णांच्या हातात आंबिलीचा पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला.  मग हळूच म्हणाले, "लाजली न्हाई ती." आणि मग मामांकडे वळून, "दिगंबर, फोन लाव त्यांना. मोडलं म्हनावं."

मामा ताटावरून उठून बांधावर गेले. मी रडत रडत तुरीच्या ओळीतून लांब निघून गेले आणि कुणी मला हाक मारली नाही. एका कपडे धुणाऱ्या मुलीनं तोंड उघडलं नाही म्हणून माझी शाळा गेली! ज्या माणसानं हळदीच्या व्यवहारात भाव पडला तरी कधी शब्द फिरवला नाही, त्यानं हा शब्द का फिरवला, हे मला त्या दिवशी कळलं नाही. विचारायची ताकदही नव्हती.

मग नुसती वाट बघणं. किती वाट बघावी माणसानं! आत्याशी मी बोलायची नाही. ती मुकाट्यानं माझ्यासमोर चहा ठेवायची आणि मी तो निवू द्यायची. गल्लीतली माणसं विचारायची, "विमान कुठवर आलं?" फार्मसीच्या प्रवेशाची वेळ जवळ आली. एका नायगावच्या स्थळाची खबर आली, मुलगा बँकेत. आई ती खबर पुन्हा पुन्हा सांगायची, मी ऐकलं नसेल म्हणून. रशीदचाचा तेवढे अजून हाक मारायचे, पण विमान आलं तरी मी बाहेर जायचं सोडलं होतं. उन्हाळा आला, हळद आली, घर पुन्हा नव्यानं पिवळं झालं. मला वाटायला लागलं की काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे. या वयात, बेचव हॉटेलांच्या खोल्यांत झोप येत नसली की मला उडण्यातलं काही आठवत नाही, तो उन्हाळा आठवतो.

दुसऱ्या शाळेचा पत्ता अण्णांनी स्वतः काढला. कसा ते त्यांनी सांगितलं नाही. "बारी आजून खर्ची पडली न्हाई तुजी," एवढंच म्हणाले. मामा रुसलेले होते तरी आले, कारण न येणं त्यांना जमणारंच नव्हतं. ही शाळा म्हणजे माळावरचा पत्र्याचा हँगर आणि दोन बुटक्या खोल्या. फाटकावर कुणी नव्हतं. आम्ही आत जाऊन उभे राहिलो तर कुणी बसासुद्धा म्हणालं नाही. एक शिकवणारे सर घामानं भिजलेले बाहेर आले, आमच्याकडे बघून "थांबा" म्हणाले आणि दुसऱ्या विमानात जाऊन बसले. विमानं मळकी, पण एक उतरत होतं, एक चढत होतं, एकाचं पोट उघडून दोघं आत डोकं घालून बसले होते. मामा चिडले. "पाण्याचं बी इचारत न्हाईत! ही काय रीत झाली?"

आत्या मागच्या बाजूला गेली. या वेळी मी गेले नाही, पण मागं जागाच इतकी थोडी होती की सगळं ऐकू येत होतं. एक मुलगी उभ्या उभ्या पोळीची गुंडाळी खात होती. आत्यानं आपलं ठरलेलं विचारलं. ती मुलगी तोंडातला घास गिळून म्हणाली, "माझ्या बहिणीला? कशाला? तिला मेडिकलला जायचंय." आणि मग जी सुटली! डाळीत नुसतं पाणी असतं, सर सगळ्यांदेखत ओरडतात, खोलीत उकडतं, परवा उतरताना चाक जरा जोरात टेकलं तर दोन दिवस बोलणी खाल्ली, आता इन्स्ट्रुमेंटचं चालू आहे तर डोळ्यांवर झापड लावून उडवतात, डोकं उठतं नुसतं. "आणि मावशी, इथं साप निघतात!" तेवढ्यात कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं आणि ती उरलेली पोळी तोंडात कोंबून पळाली.

आत्या पदरानं घाम पुसत पुढं आली. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसलेली दिसली. "मारुती," ती अण्णांना म्हणाली, "हितं दे."

"आक्का, ती तर नावंच ठेवून राहिली की!" मामा म्हणाले.

"कुरकुर करून राहिली म्हंजे नांदून राहिली. हितल्या मानसांला आपल्याकडं बघायला फुरसत न्हाई. लई चांगलं घर हाय."

मी तिथं गेले. डाळीत पाणी होतं. सर ओरडायचे. सापही निघाला, माझ्याच खोलीत. तास मात्र भरत गेले, कधी भराभर, कधी रडतखडत, आणि शेवटी ते झापड माझ्याही डोळ्यांवर आलं. एकदा सकाळचं उड्डाण करून मी पायरीवर बसले होते. डोकं ठणकत होतं, कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. भोकरकडचं एक कुटुंब शाळा बघायला आलं होतं. त्यातली आई पदर सावरत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा. माझ्या पोरीला हितं घालू का?" मी तोंड उघडलं आणि गाऱ्हाणी सुरू केली. डाळ, उकाडा, साप, सर. बोलता बोलता मलाच हसू आलं. ती बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "घाला, मावशी. डोळे झाकून घाला."

त्या संध्याकाळी मी आत्याला फोन केला. मधल्या काळात आमचं बोलणं सुरू झालं होतं, पण कामापुरतं. तिला हे सांगितलं तर ती इतकी हसली की फोन आईनं घेतला, काय झालं म्हणून. मग पुन्हा आत्याच्या हातात गेला. ती हसू आवरून म्हणाली, "माझ्या येळंला माझी आई गेली होती मागल्या दारी. माझ्या थोरल्या जावंला इचारलं. ती भांडं घासतच राहिली, काही बोलली न्हाई. आई बैठकीत येऊन म्हनली, पोरगी लई मर्यादेची हाय, लाजली. सगळ्यांला लई आवडलं ते. तुझा बाप तिथंच बसला होता."  मग म्हणाली, "मी जावंला दोष न्हाई देत, वैशे. सासू दारात उभी होती तिच्या. सांगनार कशी?"

आत्या आता नाही. अण्णाही नाहीत, आणि आमच्या घरातली हळद केव्हाच निघून गेली. माझे केस पिकले. एवढी वर्षं झाली, तरी ड्यूटीला जाताना समोरून गणवेशातली एखादी माझ्या वयाची बाई आली की मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघते. नळावर कॉलर घासत बसलेली ती मुलगी मला कधी दिसली नाही. तिचं नाव आम्ही विचारलं नव्हतं. आम्हाला हवं होतं ते घेऊन आम्ही गाडी धरली, आणि ती तिथंच राहिली. तिलाही कुणीतरी तिथं दिलीच असणार, पेढा भरवून. त्याआधी मागच्या दारी जाऊन विचारणारं तिच्या घरात कुणी नव्हतं.

चिखल चुकवून जा, एवढंच ती सांगू शकली. आणि तेवढं मात्र तिनं सांगितलं.